रंगांच्या धातूचा जनक : लुई निकोला व्होक्लँ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर नारिंगी स्फटिकांनी भरलेली एक बाटली आहे. दुपारचे ऊन तिच्यावर पडले म्हणजे ती अशी काही उजळून निघते की, परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षणासाठी तेथे बसलेल्या आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकाचीही दृष्टी तिच्यावर खिळावी. विज्ञान शिकविणाऱ्या बंधूंना विचारले तेव्हा कळले की, ते पोटॅशियम डायक्रोमेट होय. आणि मुलांच्या हाताला लागू नये म्हणूनच ती बाटली मुद्दाम इतक्या उंचावर ठेवलेली आहे. इतका मोहक रंग आणि त्याचा इतका धाक! हे दोन्ही एकाच पदार्थात कसे नांदतात, या कुतूहलाने आम्ही काही ग्रंथ चाळले. विषय रसायनाचा, आणि आम्ही तर कलाशाखेचे. त्यामुळे वाट चुकत चुकत जावे लागले. परंतु त्या वाटेवर एका सत्पुरुषाची गाठ पडली. त्याचीच कथा आज विद्यार्थी मित्रांना सांगावयाची आहे.

त्या नारिंगी रंगाच्या मुळाशी क्रोमियम नावाचा धातू आहे. तो प्रथम जगापुढे आणला लुई निकोला व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. फ्रान्सच्या वायव्येस नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तेथील सेंतांद्रे-देबेर्तो या खेड्यात १६ मे १७६३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गावच्या जमीनदाराच्या शेतावर राबणारे. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. चालता येऊ लागल्यापासून पोराने आईबापांबरोबर शेतात जावे आणि उरल्या वेळात गावच्या शाळेत बसावे, असा क्रम होता. जमीनदाराच्या वाड्यातील नोकरांचे झगमगीत पोशाख पाहून त्या मुलाचे डोळे दिपत. तू मन लावून शिकलास तर तुलाही तसले कपडे अंगावर घालता येतील, असे आई त्याला सांगत असे, अशी आख्यायिका आहे. बिचाऱ्या माउलीच्या कल्पनेची झेप वाड्यातील चाकरापर्यंतच पोहोचली, यात तिचा दोष तो काय? मुलगा मात्र शिकला. गावच्या धर्मगुरूंनी त्याची हुशारी हेरली आणि शाळेत जेवढे मिळत होते त्याहून थोडे अधिक त्याच्या पदरात घातले.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला रुआं शहरी एका औषधविक्रेत्याच्या दुकानी ठेवण्यात आले. काम काय, तर फरशी पुसणे, बाटल्या धुणे, शेगडी फुलविणे. हे गृहस्थ काही विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचे पाठ देत असत. पाठ चालू असता हा पोरगा हातातले काम न सोडता कान टवकारून ऐकत राही आणि रात्री, ऐकलेले सारे आठवून आठवून एका वहीत उतरवून काढी. एके दिवशी ती वही धन्याच्या दृष्टीस पडली. नोकराने शिकावे, याचा त्या माणसाला इतका संताप आला की, त्याने वही हिसकावून घेतली, मुलाच्या देखत तिचे तुकडे तुकडे केले आणि पुन्हा असे काही केलेस तर हाकलून देईन, असे बजावले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. पुस्तक फाटले तर दुसरे मिळते. परंतु स्वतःच्या हाताने, झोप मोडून लिहिलेली वही फाटली म्हणजे काय होते, हे ज्याने अशी वही लिहिली असेल त्यालाच ठाऊक. त्या मुलाने ते घर सोडले आणि सहा फ्रँकांचे एक नाणे खिशात घालून पायी पॅरिसची वाट धरली.

पॅरिस काही त्याची वाट पाहत बसले नव्हते. एका औषधालयातून दुसऱ्यात अशी वणवण झाली. त्यातच तो आजारी पडला आणि ओतेल-द्यू या धर्मार्थ रुग्णालयात त्याला दाखल व्हावे लागले. तेथून बाहेर पडला तेव्हा अंगात त्राण नव्हते आणि कोणी कामावर ठेवीना. सें-दनी रस्त्याने तो अश्रू ढाळीत चालला होता, तेव्हा शेरादाम नावाच्या एका औषधविक्रेत्याने त्याला जवळ बोलावले, विचारपूस केली आणि आपल्या घरी ठेवून घेतले. या भल्या माणसाने त्याच्या वाचनाला आडकाठी तर केली नाहीच, उलट एक फार मोठे काम केले. त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ फूर्क्रुआ हा शेरादामच्या नात्यातला होता. मुलाची हुशारी शेरादामने त्याच्या कानांवर घातली. फूर्क्रुआनेही गरिबी भोगलेली होती. त्याने या तरुणाला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेले आणि पुढे मदतनिसाचा सहकारी व सहकाऱ्याचा जिवलग मित्र कधी झाला, हे दोघांनाही कळले नसेल.

फूर्क्रुआ बोलण्यात पटाईत. त्याचे व्याख्यान ऐकावयास सभागृह ओसंडून जाई. व्होक्लँ संकोची, चारचौघांत उभे राहिले की शब्द घशात अडकावे. पण मुशीपुढे आणि तराजूपुढे त्याचा हात कधी चुकत नसे. अनेक वर्षे या दोघांनी जोडीने संशोधन केले व जोडीने निबंध प्रसिद्ध केले. मूत्रातील युरियाचा अभ्यास, प्लॅटिनमच्या खनिजातील अविद्राव्य गाळाचा अभ्यास, अशी कितीतरी कामे या जोडीच्या नावावर आहेत. १७९० साली व्होक्लँने, आपल्या आमटीत पडते त्या चिंचेचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि तिच्यात खळीसारखा घट्ट होणारा एक पदार्थ असल्याचे नोंदविले. मुरंबे घट्ट करणारे पेक्टिन ते हेच. त्याला हे नाव पुढे १८२५ साली ब्राकोनो या शास्त्रज्ञाने दिले. आणखी एक प्रयोग आम्हांला फार गमतीचा वाटला. व्होक्लँने एक कोंबडी पाळली, तिला मोजून ओट धान्य घातले, धान्यातला चुना मोजला आणि मग तिच्या अंड्यांच्या टरफलांतला व विष्ठेतला चुना मोजला. पोटात गेला त्याहून बाहेर आलेला चुना अधिक भरला! हा जास्तीचा चुना आला कोठून, हा प्रश्न त्याने जगापुढे ठेवला. आज आपण म्हणू की कोंबडीने तो आपल्या हाडांतून काढून दिला. पण प्रश्न विचारण्यासाठी आधी कोणीतरी टरफले तोलावी लागतात.

इतक्यात फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या जमावाने राजवाड्यावर हल्ला केला, तेव्हा राजाच्या स्विस पहारेकऱ्यांपैकी एकाला व्होक्लँने जमावाच्या तावडीतून वाचविले, असे सांगतात. तसल्या काळात दया दाखविणे हाही अपराधच. त्याला काही काळ पॅरिसबाहेर पडावे लागले व मलां येथील लष्करी रुग्णालयात औषधनिर्मात्याचे काम पत्करावे लागले. १७९४ च्या मे महिन्यात लाव्हाझ्येसारख्या रसायनशास्त्राच्या महर्षीचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी व्होक्लँ पॅरिसला परतला, खाणींचा निरीक्षक झाला, खाणविद्यालयात धातुपरीक्षा शिकवू लागला आणि १७९५ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय विद्वत्संस्थेचा सभासद निवडला गेला. आता त्यांना एकेरी संबोधणे आम्हांला बरे वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. रशियातील उरल पर्वतात, येकातेरिनबुर्ग शहराजवळ, बेरेझोव्स्क येथे सोन्याच्या खाणी आहेत. तेथे शेंदरी-नारिंगी रंगाचे, काचेसारखे चकाकणारे स्फटिक सापडत. १७६६ साली लेमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. सैबेरियाचे तांबडे शिसे असे त्यांना म्हणत. त्यांची पूड केली की सुंदर पिवळी होई आणि चित्रकार तिच्यासाठी मोठी किंमत मोजीत. खनिज इतके दुर्मीळ की, त्याचा एकेक खडा संग्राहक जपून ठेवीत. माकार नावाच्या फ्रेंच वैद्याने रशियाच्या प्रवासातून त्याचे काही नमुने आणले होते. १७८९ साली माकार आणि तरुण व्होक्लँ या दोघांनी मिळून त्याचे पृथक्करण केले आणि त्यात शिसे, लोह, तुरटीची माती आणि पुष्कळसा ऑक्सिजन आहे, असा निर्वाळा दिला. मॉस्कोच्या बिंडहाइमला याच खनिजात मॉलिब्डेनम, निकेल, कोबाल्ट, तांबे असे बरेच काही दिसले. दोन उत्तरे एकमेकांशी जुळेनात, आणि प्रकरण तेथेच थांबले.

व्होक्लँ यांच्या मनातून मात्र ते गेले नाही. १७९७ साली, म्हणजे आठ वर्षांनी, त्यांनी तेच खनिज पुन्हा हाती घेतले. या वेळचा माणूस निराळा होता. हात अधिक सरावले होते, साधने अधिक चांगली होती. आणि आपले पहिले उत्तर अपुरे होते, हे कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी खनिजाची पूड दुप्पट पोटॅशियम कार्बोनेटाबरोबर पाण्यात उकळली. शिशाचा पांढरा साका तळाला बसला आणि वर राहिले एक पिवळेधमक द्रावण. या द्रावणात पाऱ्याचे लवण टाकले तर तांबडाभडक साका पडला. शिशाचे टाकले तर पिवळा. कथिलाचे क्लोराइड घातले तेव्हा पिवळे द्रावण पाहता पाहता हिरवे झाले. लोह, तुरटी किंवा मॉलिब्डेनम यांपैकी कोणीही असे रंग दाखवीत नाही. तेव्हा हे कोणी नवेच मूलद्रव्य असले पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, त्या हिरव्या रंगाची आठवण ठेवा. पुढे त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

१७९८ साली त्यांनी खनिजातील शिसे हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून टाकले, उरलेल्या द्रावणापासून मिळालेला पदार्थ वाळविला आणि कोळशाच्या मुशीत घालून प्रखर उष्णता दिली. मूस थंड झाल्यावर फोडली, तेव्हा आत करड्या रंगाच्या, एकमेकींत गुंतलेल्या धातूच्या सुया चमकत होत्या. ज्या धातूची संयुगे रंगांची अशी उधळण करतात त्याचे नाव काय ठेवावे? फूर्क्रुआ आणि स्फटिकांचे थोर अभ्यासक आऊई यांनी सुचविले की, ग्रीक भाषेत रंगाला क्रोमा म्हणतात, त्यावरून नाव ठेवावे. व्होक्लँ यांना हे नाव प्रथम फारसे पटले नव्हते, कारण स्वतः धातूला काही रंग नाही. पण मित्रांचे मन मोडवेना. याच सुमारास बर्लिनमध्ये क्लाप्रोट या जर्मन पंडितानेही त्याच खनिजात हे मूलद्रव्य स्वतंत्रपणे ओळखले. परंतु व्होक्लँ यांचे पाऊल काही महिने आधी पडले होते.

नव्या किल्लीने मग कितीतरी कुलपे उघडली. पेरू देशाच्या पाचूचा हिरवा रंग क्रोमियममुळेच येतो, असे त्यांना आढळले. तांबड्या स्पिनेल रत्नातही हाच धातू निघाला. पाचूला हिरवे आणि माणकासारख्या रत्नाला लाल करणारा रंगारी एकच, ही गोष्ट आम्हांला तरी एखाद्या पुराणकथेहून अद्भुत वाटते.

पाचूच्याच निमित्ताने त्याच १७९८ साली आणखी एक शोध लागला. पाचू आणि बेरिल या दोन रत्नांच्या स्फटिकांची घडण अगदी एकसारखी आहे, हे आऊई यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी व्होक्लँ यांना दोहोंचे पृथक्करण करण्याची विनंती केली. तेव्हा दोहोंतही एक नवीन मृत्तिका निघाली. तिची लवणे चवीला गोड लागत, म्हणून तिला ग्लुसीन, म्हणजे गोड मृत्तिका, असे नाव देण्यात आले. बेरिलियम या धातूचे ते ऑक्साइड होय. चवीला गोड! त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ प्रत्येक पदार्थ जिभेवर ठेवून पाहत. पदार्थाच्या वर्णनात रंग, वास यांच्या जोडीला चवही लिहिलेली असे. आज आपल्याला ठाऊक आहे की, बेरिलियमची धूळ श्वासावाटे आत गेली असता फुप्फुसांचा दुर्धर रोग होतो. पण ही गोष्ट विसाव्या शतकात, कारखान्यांतील कामगार खोकून खोकून खंगू लागले तेव्हा कळली. व्होक्लँ सहासष्ट वर्षे जगले, हे नशीबच म्हणायचे.

१८०१ साली ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, १८०३ साली औषधनिर्माण विद्यालयाचे संचालक, १८०४ साली निसर्गविज्ञान संग्रहालयात प्राध्यापक. १८०९ च्या डिसेंबरात फूर्क्रुआ वारला. त्याच्या मागे वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनाची जागा व्होक्लँ यांनाच मिळावी, असे सर्वांना वाटत होते. पण नियमाप्रमाणे त्या जागेवर वैद्यकाची पदवी असलेलाच मनुष्य बसू शके. तेव्हा या जगप्रसिद्ध प्राध्यापकाने १८११ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या रासायनिक पृथक्करणावर प्रबंध सादर करून पदवी मिळविली आणि मगच ती जागा घेतली. नियमाला बगल देण्याच्या वाटा तेव्हाही असतील. त्या त्यांनी धुंडाळल्या नाहीत.

फूर्क्रुआच्या दोन बहिणी होत्या. व्होक्लँ तरुणपणी आजारी पडले तेव्हा या दोघींनी त्यांची शुश्रूषा केली होती. ते उपकार ते कधी विसरले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. त्या दोघींना त्यांनी आपल्या घरी आणले आणि सख्ख्या बहिणींप्रमाणे अखेरपर्यंत सांभाळले.

या घराची एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. तेनार नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा व्होक्लँ यांच्याकडे शिकावयास आला. शिक्षणाचे पैसे देण्याची ऐपत नव्हती, म्हणून व्होक्लँ यांनी प्रथम त्याला नकार दिला. मुलाचे उच्चार ऐकून आणि पडलेले तोंड पाहून बहिणींना कणव आली. हा मुलगा गुणी दिसतो, प्रयोगशाळेत मदत करील आणि चुलीवरच्या भांड्याकडेही लक्ष ठेवील, म्हणजे आपले जेवण करपणार नाही, असे म्हणून त्यांनी भावाचे मन वळविले, अशी ही हकिकत आहे. चुलीवरचे भांडे सांभाळीत तेनार शिकला आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढणारा रसायनशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजला. वनस्पती व प्राणी यांच्या तेलाचरबीचे रहस्य उकलणारा शेव्हरल हाही व्होक्लँ यांचाच शिष्य. ऑर्फिला हा स्पेनचा विद्यार्थी. १८०८ साली फ्रान्सने स्पेनवर स्वारी केली तेव्हा पॅरिसमध्ये त्याला शत्रुदेशीय म्हणून अटक झाली. व्होक्लँ विद्वत्संस्थेचा मानाचा पोशाख चढवून पोलिसांकडे गेले आणि त्याच्यासाठी जामीन राहिले. हाच ऑर्फिला पुढे विषविज्ञान या शास्त्राचा आद्य प्रवर्तक झाला. रुआंच्या त्या धन्याने एक वही फाडली होती. व्होक्लँ यांच्या घरी किती वह्या लिहिल्या गेल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

मध्यंतरी क्रोमियमला बाजाराने हाताशी धरले होते. सैबेरियाचे खनिज दुर्मीळ. पण १७९८ सालीच तासेर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला दक्षिण फ्रान्समधील एका काळ्या दगडात क्रोमियम सापडले. तो क्रोमाइट दगड विपुल होता. १८०९ साली व्होक्लँ यांनी शिशाचे क्रोमेट रंग म्हणून कसे करावे, याचे विवरण प्रसिद्ध केले. झाले! क्रोम पिवळ्याने चित्रकारांच्या पाट्या, घोडागाड्या, कापड, कागद सारे व्यापून टाकले. कारखाने फ्रान्समध्ये निघाले, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये निघाले. १८२७ साली अमेरिकेत बाल्टिमोरजवळ आयझॅक टायसन याला क्रोमाइटचे मोठे साठे सापडले आणि तेथेही हा धंदा फोफावला.

त्याच १८२७ साली ग्लासगोच्या विल्यम क्युमिन या डॉक्टराने एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. बायक्रोमेट वापरणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवर आणि दंडांवर खोल व्रण पडत होते. टाचणीने पाडावे तसे वाटोळे भोक. दुखे फारसे नाही, पण ते आत आत पोखरत जाई आणि भरून येण्यास महिने लागत. मनुष्य हौदात हात घालून कापड रंगवी. कापड पिवळे होई आणि हात कुजे. ही वार्ता व्होक्लँ यांच्यापर्यंत पोहोचली की नाही, हे आम्हांला कोठे आढळले नाही.

त्यांच्या एका शिष्यापर्यंत मात्र ती चांगलीच पोहोचली. आल्फाँस शव्हाल्ये हा कोवळ्या वयात व्होक्लँ यांच्या प्रयोगशाळेत हाताखाली राबलेला मुलगा. पुढे तो औषधनिर्माता व लोकारोग्याचा कळकळीचा अभ्यासक झाला. १८६३ साली बेकूर या डॉक्टराबरोबर त्याने बायक्रोमेट कारखान्यांतील कामगारांच्या व्याधींवर निबंध प्रसिद्ध केला. हवेत उडणारी सूक्ष्म धूळ कामगारांच्या नाकात जाऊन दोन नाकपुड्यांमधील पडदाच झडून जात होता; काम धरल्यापासून थोड्याच दिवसांत शिंका, नाकातून रक्त आणि मग भोक. जे कामगार तपकीर ओढीत तेवढे यातून बचावत, कारण तपकिरीचा थर नाकात बसे आणि शिंकेसरशी धुळीसह बाहेर पडे! व्यसनाने नाक वाचावे, असा हा विलक्षण योग. गुरूने ज्या धातूचे रंग मोजले, त्याच धातूचे व्रण शिष्याने मोजले. आमच्या मते व्होक्लँ यांच्या प्रयोगशाळेचे हे कार्य क्रोमियमच्या शोधाहून तिळभरही कमी नाही.

त्यापुढील कथा अधिक दारुण आहे. १८९० साली स्कॉटलंडमध्ये क्रोम रंगाच्या एका कामगाराच्या नाकात कर्करोग आढळला. १९४८ साली अमेरिकेतील क्रोमेट कारखान्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथील कामगारांत फुप्फुसांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. आणि १९९० साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेने षट्संयुजी क्रोमियम माणसाला निश्चित कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

षट्संयुजी हा शब्द थोडा उलगडून सांगावयास हवा. विज्ञानाच्या बंधूंनी तो आम्हांला फळ्यावर काढून समजावून दिला. क्रोमियमची दोन मुख्य रूपे आहेत. एक त्रिसंयुजी, हिरवे, शांत स्वभावाचे. पाचूत असते ते हेच. दुसरे षट्संयुजी, पिवळे वा नारिंगी, अतिशय आक्रमक. क्रोमेटात व डायक्रोमेटात असते ते. त्रिसंयुजी क्रोमियमला आपल्या शरीरातील पेशी सहसा आत घेत नाही. पण क्रोमेटाची ठेवण हुबेहूब सल्फेटासारखी असते, आणि सल्फेट तर पेशीला रोजचे हवे असते. त्यामुळे पहारेकरी फसतो आणि ओळखीचा समजून या परक्याला आत सोडतो. आत गेल्यावर पेशीतील द्रव्ये त्याचे क्षपण करून त्याला त्रिसंयुजी करून टाकतात. व्होक्लँ यांच्या पात्रात कथिलाने पिवळ्याचे हिरवे केले होते ना, तसलाच हा फेरफार! मात्र येथे तो जिवंत पेशीच्या पोटात चालतो आणि चालता चालता आनुवंशिकतेच्या सूत्रांना घाव घालून जातो. कर्करोगाचे बीज तेथे पडते. व्हॅन गॉफच्या चित्रांतील पिवळा रंग कोठे कोठे तपकिरी का पडत चालला आहे, याचा शोध २०११ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने लावण्यात आला, तेव्हाही हेच दिसले: प्रकाशाने क्रोम पिवळ्यातील षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी होत होते.

आपला देशही या कथेबाहेर नाही. भारतातील बहुतेक क्रोमाइट ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात निघते आणि तेथील खाणींतून वाहून येणाऱ्या पाण्यातील षट्संयुजी क्रोमियम ही मोठी चिंतेची बाब झालेली आहे. तामिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमेटाचा एक कारखाना बंद पडला, तरी त्याच्या आवारात साठलेल्या कचऱ्याने भूजल पिवळे केले. आपल्या कोकणातही कणकवलीजवळ जानवली आणि वागदे येथे क्रोमाइटचे लहानसे साठे आहेत. गोव्याच्या हमरस्त्याने जाताना ही गावे लागतात. तो काळा दगड हातात घेतला तरी काही होत नाही, कारण त्यातील क्रोमियम त्रिसंयुजी असते. सोडा मिसळून भट्टीच्या हवेत तो भाजला, म्हणजे मग त्याचे क्रोमेट होते.

परंतु आम्ही कथानायकाला सोडून फार पुढे निघून आलो. १८२२ साली फ्रान्सच्या राजसत्तेने पॅरिसचे वैद्यकीय महाविद्यालयच बंद करून टाकले. काही महिन्यांनी ते पुन्हा उघडले, तेव्हा प्राध्यापकांच्या नव्या यादीत कित्येक मोठ्यांची नावे नव्हती. व्होक्लँ यांचेही नव्हते. पदवीसाठी उतारवयात प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला कारण न सांगता घालविण्यात आले. ते भांडत बसले नाहीत. संग्रहालयातील प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती, तेथे त्यांचे काम चालू राहिले. १८२८ साली त्यांच्या जन्मभूमीच्या लोकांनी, काल्वादोस जिल्ह्याने, त्यांना लोकप्रतिनिधी म्हणून निवडून दिले.

प्रकृती मात्र ढासळत चालली होती. फूर्क्रुआच्या दोन्ही बहिणी आधीच निवर्तल्या होत्या. पॅरिसच्या घरात वाट पाहणारे कोणी राहिले नव्हते. १८२९ साली ते आपल्या गावी, सेंतांद्रे-देबेर्तोला गेले. ज्या शेतांत लहानपणी आईच्या मागे मागे हिंडले होते, ती शेते तेथेच होती, आणि ज्या वाड्यातील चाकरांचे पोशाख पाहून त्यांचे डोळे दिपत तो वाडाही. तेथेच १४ नोव्हेंबर १८२९ रोजी त्यांनी देह ठेवला.